मुलाला रक्ताचा कॅन्सर झालाय, घर कसं सांभाळायचं? आईवडील नेहमी विचारतात ते प्रश्न

लहान मुलांमध्ये सर्वात जास्त आढळणारा कॅन्सर म्हणजे अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, थोडक्यात एएलएल. इथली उत्तरं मुख्यतः त्या आजाराच्या कुटुंबांसाठी आहेत, त्यातही जिल्ह्याच्या ठिकाणाहून किंवा गावाकडून मुंबईत परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटलात येणाऱ्यांसाठी. दुसऱ्या कॅन्सरमध्ये औषधं आणि मुदत वेगळी असते. घरातले प्रश्न मात्र बरेचसे हेच असतात. औषधाबद्दलचा शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा.

उपचार किती दिवस चालतात? गावी परत कधी जाता येईल?

एएलएलचे उपचार साधारण दोन ते तीन वर्षं चालतात. आकडा ऐकून पोटात गोळा येतो, पण ही सगळी वर्षं सारखी नसतात. पहिले काही महिने कडक असतात: सलाईनमधून औषधं, पाठीतलं इंजेक्शन, रक्त आणि प्लेटलेट्स (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) चढवणं, मध्येच ताप आला की भरती. या काळात हॉस्पिटलजवळच राहावं लागतं. त्यानंतर ‘मेंटेनन्स’ सुरू होतं. त्यात बहुतेक औषधं गोळ्यांची असतात आणि मूल घरी राहू शकतं. ठरलेल्या तारखेला येऊन दाखवायचं, बाकीचे दिवस आपल्या घरी.

म्हणून पहिल्याच आठवड्यात एक हिशोब मांडा. पहिल्या सात-आठ महिन्यांसाठी मुंबईत कोण राहणार, घरी कोण, कमावणार कोण? सगळं कुटुंब मुंबईत आलं तर पैसे लवकर संपतात. आई एकटीच राहिली तर तिसऱ्या महिन्यात ती आजारी पडते. आईसोबत मावशी, आत्या, आजी किंवा काका आलटून पालटून राहतील अशी पाळी लावून घ्या. ज्या घरांत ही पाळी नीट लागते, ती घरं शेवटपर्यंत टिकतात. पुन्हा पुन्हा पाहिलेली गोष्ट आहे ही.

मुंबईत राहायचं कुठे? रूमचं भाडं परवडत नाही.

रूम शोधत फिरण्याआधी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जा. टाटा मेमोरियलमध्ये लहान मुलांच्या विभागात इम्पॅक्ट फाउंडेशनची माणसं असतात. राहणं, जेवण, पैसे, समुपदेशन या सगळ्यासाठी तिथून वाट मिळते. दादरला संत गाडगे महाराज धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था 2006 पासून खास कॅन्सरग्रस्त मुलांच्या कुटुंबांना विनामूल्य राहायला जागा देते. प्रत्येक कुटुंबाची स्वतंत्र जागा आणि सामायिक स्वयंपाकघर अशी तिथली सोय असते.

सगळीकडे गर्दी असते, प्रतीक्षा यादी असते. म्हणून पहिल्याच दिवशी नाव घाला. जागा मिळेपर्यंत फुटपाथवर दिवस काढणारी कुटुंबं परळला आजही दिसतात. काउंट पडलेल्या, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या मुलासाठी तशी जागा धोक्याची आहे, हे समाजसेवकांना स्पष्ट सांगा आणि रोज पाठपुरावा करा. त्यात संकोच कसला?

मुंबईच गाठायला हवी का, हेही विचारून घ्या. नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर इथेही उपचाराची केंद्रं आहेत. निदान आणि पहिला टप्पा मुंबईत, पुढचं घराजवळ, अशी सोय काही मुलांची होऊ शकते. हा निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्या. मनाने हॉस्पिटल बदलू नका.

खर्च कसा भागवायचा? जमीन विकायला काढू का?

आधी कागद, मग जमीन. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात ‘आरोग्यमित्र’ बसतो. त्याच्याकडे रेशनकार्ड आणि आधार घेऊन जायचं. बहुतेकांची गाडी एका साध्या गोष्टीवर अडते: मुलाचं नाव रेशनकार्डावर चढवलेलंच नसतं. गावाकडे जो माणूस मागे राहिलाय, त्याला पहिल्याच दिवशी तहसील कार्यालयात पाठवा. जन्मदाखल्याच्या प्रती काढून ठेवा. नावाचं स्पेलिंग सगळ्या कागदांवर एकच आहे ना, हे पाहा.

त्याशिवाय मुख्यमंत्री सहायता निधी, पंतप्रधान राष्ट्रीय सहायता निधी, सिद्धिविनायक मंदिर न्यास आणि इतर धर्मादाय संस्था आहेत. अर्जाला डॉक्टरांच्या सहीचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं, ते समाजसेवक मिळवून देतात. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला उपचारासाठी जाता-येताना स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण भाडं माफ असतं आणि सोबतच्या एकाला 75 टक्के सवलत मिळते. त्यासाठी हॉस्पिटलकडून फॉर्म भरून घ्यावा लागतो. एसटीतही सवलत आहे. वडील पगारदार असतील तर ऑफिसात वैद्यकीय प्रतिपूर्ती आणि गटविमा विचारा. आई राज्य सरकारी नोकरीत असेल तर 180 दिवसांची बालसंगोपन रजा मिळू शकते.

सावकाराचं कर्ज सर्वांत शेवटी. कोणी फोनवरून ‘मदत मिळवून देतो, आधी थोडे पैसे भरा’ म्हणालं तर फोन ठेवा.

मुलाला सांगायचं का? तो अजून लहान आहे.

सांगायचं. त्याच्या वयाला पेलेल इतकं, पण खरं.

चार-पाच वर्षांच्या मुलाला वाटतं, मी काहीतरी वाईट केलं म्हणून सुया टोचतात. त्याला पहिलं वाक्य हे ऐकायचं असतं: ‘तू काहीच चुकीचं केलेलं नाहीस.’ मग सांगा, ‘तुझ्या रक्तात आजार झालाय, तो घालवायला औषध लागतं. काही औषधं त्रास देतात. मी जवळच थांबणार आहे.’ सुई टोचणार असेल तर ‘काही नाही होणार’ म्हणू नका. ‘दुखेल, मग थांबेल’ असं म्हणा. एकदा फसवलं की पुढच्या वेळी डे केअरच्या (औषध देऊन त्याच दिवशी सोडतात त्या विभागाच्या) दारातच मूल रडून गोंधळ घालतं, आणि त्यात त्याची चूक नसते.

दहा-बारा वर्षांच्या मुलांना तुम्ही सांगितलं नाही तरी कळतंच. शेजारच्या बेडवरचा मुलगा सांगतो, भिंतीवरचे फलक वाचता येतात, फोन हातात असतो. आईवडील लपवत आहेत हे कळलं की मुलं त्यांच्यापासून स्वतःची भीती लपवायला लागतात. बाहेरून सगळं शांत दिसतं आणि मूल रात्री एकटं जागं असतं. हा एकटेपणा टाळणं आपल्या हातात आहे. ‘मी मरणार का?’ असं विचारलं तर विषय बदलू नका. जवळ घ्या, ‘तुला असं का वाटलं?’ विचारा आणि ऐका. उत्तर एकट्याने द्यायचं दडपण वाटत असेल तर समुपदेशकांना सोबत घ्या.

ताप आला तर काय करायचं?

घरात डिजिटल थर्मामीटर हवाच. हात लावून ताप ओळखायचा नाही. 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त ताप दिसला की रात्रीचे दोन असले तरी हॉस्पिटलला फोन करा आणि निघा. ‘सकाळपर्यंत वाट बघू’ म्हणू नका. काउंट पडलेला असताना साधा संसर्ग काही तासांत रक्तात पसरतो. हॉस्पिटलात पोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हावं, असा नियम त्यासाठीच आहे. ताप उतरवणारं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. ताप झाकला जातो, आजार तसाच राहतो. अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन तर नकोच. अंगाला हुडहुडी भरली, मूल मलूल पडलं, तर ताप नसला तरी न्या.

गावी जाताना डॉक्टरांकडून पत्र घ्या: मुलाचा आजार, चालू औषधं, ताप आल्यास पहिलं इंजेक्शन कोणतं, कोणाला फोन करायचा. तालुक्याच्या डॉक्टरांना ते पत्र आधीच नेऊन दाखवा. तापलेलं मूल कडेवर असताना ओळख करून देत बसायला वेळ नसतो.

स्टेरॉइड चालू झाल्यापासून मुलगी ओळखू येत नाही. सारखी खाते, चिडते. काय करू?

ही औषधाची करणी आहे, तिचा हट्ट नाही. चेहरा गोल होतो, पोट सुटतं, पाय दुखतात, झोप उडते. पहाटे तीनला उठून चपाती-भाजी मागते आणि ती चावता चावता ‘नाश्त्याला काय आहे?’ म्हणून विचारते. दिलं नाही तर रडून घर डोक्यावर घेते, दिलं तर चार घास खाऊन ताट सरकवते.

रात्रीसाठी झाकून काहीतरी करून ठेवा: मऊ भात, उकडलेला बटाटा, जाड थालीपीठ. मीठ कमी, वेफर्स-फरसाण बंद, कारण स्टेरॉइडमुळे अंगावर पाणी धरतं आणि रक्तदाब वाढू शकतो. साखर वाढते का, यावर डॉक्टर लक्ष ठेवतात. खूप तहान, सारखी लघवी दिसली तर सांगा. चिडण्यावर ओरडून उपयोग नसतो. स्टेरॉइड चालू असलेल्या दिवसांत घरच्यांनी पाळ्या लावून तिच्याजवळ राहावं. औषध थांबलं की काही दिवसांत तीच जुनी मुलगी परत दिसायला लागते. मात्र हे औषध आपणहून कधीही बंद करायचं नाही.

खायला काय द्यायचं? कोणी काढा सांगतं, कोणी गोमूत्र.

घरचं, ताजं, गरम. वरणभात, पेज, नाचणीचं सत्त्व, पूर्ण उकडलेलं अंडं, नीट शिजवलेली भाजी. पाणी उकळून गार केलेलं. काउंट कमी असताना कच्ची कोशिंबीर, उघड्यावरची चटणी, उसाचा रस, बर्फाचा गोळा नको. केळं, संत्रं अशी सोलून खायची फळं धुऊन, घरीच सोलून द्या. तोंड आलं असेल तर तिखट बंद, थंडसर मऊ पदार्थ द्या. व्हिन्क्रिस्टिन या केमोथेरपीच्या इंजेक्शनमुळे बद्धकोष्ठ होतं, म्हणून पाणी भरपूर द्या आणि दोन दिवस शौच झाली नाही तर सांगा.

काढे, भस्मं, गोमूत्र, रोपांचे रस, ताकदीची पावडर देऊ नका. मेथोट्रेक्सेट आणि मर्कॅप्टोप्युरिन या केमोथेरपीच्या औषधांचा भार यकृतावर आधीच असतो. वरून काय पडलं हे डॉक्टरांना माहीतच नसेल, तर यकृताचा रिपोर्ट बिघडतो आणि चालू केमोथेरपी थांबवावी लागते. साधं फॉलिक अ‍ॅसिड असलेलं टॉनिकसुद्धा विचारून द्या, ते मेथोट्रेक्सेटच्या कामात आड येऊ शकतं. सासरे प्रेमाने औषध घेऊन आले असतील तर त्यांना दुखवू नका. ‘डॉक्टरांना विचारून देते’ म्हणा आणि खरंच विचारा.

केस कधी येतील?

केमोथेरपीचा कडक भाग संपला की येतात, बहुतेकदा मेंटेनन्समध्ये. गळायला लागण्याआधीच केस बारीक कापून घेतले तर उशीवर पडलेले पुंजके पाहायची वेळ येत नाही. मुलीला टोपी हवी की रुमाल, की काहीच नको, हे तिला ठरवू द्या.

मोठी मुलगी गावी आजीकडे आहे. ती बोलेनाशी झालीय.

या प्रश्नासाठी वेगळं पान लिहावं, इतकी मुलं यात मागे राहून जातात. भावाला अचानक गाडीत घालून नेलं, आई गेली ती आलीच नाही, घरात सगळे कुजबुजतात. तिने कधीतरी भांडणात ‘तू मर’ म्हटलेलं असतं, आणि आपल्यामुळेच हे झालं असं तिला मनातून वाटत राहतं. कोणी विचारत नाही म्हणून ती सांगतही नाही.

तिला भावाच्या आजाराचं नाव सांगा. तो कुणाच्या बोलण्याने होत नाही, शिवल्याने होत नाही, हेही स्पष्ट सांगा. रोज एक ठरलेली वेळ तिच्या फोनची. त्या फोनवर भावाचा काउंट, प्लेटलेट्स हे विषय काढायचे नाहीत. तिची शाळा, तिची मैत्रीण, तिचं गणित एवढंच बोलायचं. वडील गावी असतील तर पालकसभेला त्यांनी जायलाच हवं. सुट्टीत तिला मुंबईला आणा. वॉर्डात नेता आलं नाही तरी भाऊ डे केअरमधून बाहेर येईल तेव्हा भेटू द्या. शाळेतल्या बाईंनाही घरची परिस्थिती सांगून ठेवा. एकाएकी मार्क घसरले तर त्यांनी रागावण्याआधी तुम्हाला विचारावं.

‘तू आता मोठी आहेस, समजून घे’ हे वाक्य तिला दिवसातून दहा जण ऐकवतात. आईने तरी ते म्हणू नये.

पल्स पोलिओचा रविवार आहे. डोस द्यायचा का?

आजारी मुलाला नाही, आणि त्याच्यासोबत राहणाऱ्या भावंडांनाही तोंडावाटे देण्याचा डोस नाही. त्या थेंबांत जिवंत विषाणू असतो, तो शौचावाटे बाहेर पडतो. आशाताई दारात आल्या तर कारण सांगा, हॉस्पिटलचं पत्र दाखवा. भावंडांना पोलिओचं इंजेक्शन चालतं. इतर लसी कोणत्या आणि केव्हा, हे डॉक्टर सांगतील. घरातल्या मोठ्यांनी फ्लूची लस घेतलेली चांगली.

शाळेत किंवा वाड्यात कुणाला कांजिण्या किंवा गोवर आला आणि आपलं मूल त्याच्याजवळ होतं असं कळलं, तर पुरळ यायची वाट बघू नका. त्याच दिवशी फोन करा. पहिल्या तीन-चार दिवसांत संरक्षण देता येतं.

सासरचे म्हणतात, माझ्यामुळे झालं. पत्रिका दाखवून झाली, नवस झाले.

तुमच्यामुळे झालेलं नाही. गरोदरपणात काय खाल्लंत, ग्रहणात बाहेर गेलात का, मुलाला कुठे नेलंत, यातलं काहीच याला कारण नाही. बहुतेक मुलांमध्ये रक्ताच्या पेशी तयार होताना आपोआप बिघाड होतो. तो आधी ओळखता किंवा टाळता येत नाही. घरच्यांना हे तुम्ही सांगून पटत नसेल तर त्यांना ओपीडीत घेऊन या. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की निदान बोलणं तरी थांबतं.

नवस करायला कोणी अडवत नाही. फक्त उपचाराची तारीख चुकवून जत्रेला जायचं नाही, आणि मुलाला गर्दीत न्यायचं नाही.

नवराबायकोबद्दल एक सांगावंसं वाटतं. आई हॉस्पिटलात सगळं पाहते आणि तिला वाटतं, नवऱ्याला काहीच वाटत नाही. बाबा पैशांमागे पळतात आणि त्यांना वाटतं, बायकोला आपली दगदग दिसत नाही. दोघांचं दुःख एकच असतं. बाबांनी महिन्यातून काही दिवस हॉस्पिटलात राहायचं, गोळ्या स्वतः द्यायच्या, काउंट स्वतः विचारायचा. आईने त्या दिवसांत घरी जाऊन झोपायचं. बाबांना ‘जमत नाही’ असं आधीच ठरवून टाकू नका, त्यांना जमतं.

पाहुणे भेटायला येतात, नाही कसं म्हणायचं?

‘डॉक्टरांनी मनाई केलीय’ एवढं पुरे. मदत करायची असेल तर रक्तपेढीत प्लेटलेट्स द्यायला या, असं सांगा. ज्याला खरंच काळजी आहे तो येतो.

शाळा?

पहिल्या टप्प्यात शक्य नसतं, मेंटेनन्समध्ये बहुतेक मुलं जाऊ शकतात. नाव काढू नका. मुख्याध्यापकांना पत्र द्या. आठवीपर्यंत शिक्षण हक्क कायद्याने शाळा मुलाला काढून टाकू शकत नाही. परळला कॅनकिड्स संस्थेची ‘कॅनशाला’ आहे, उपचार घेणाऱ्या मुलांसाठीच. परत शाळेत जाण्याआधी वर्गशिक्षकांनी वर्गाला सांगावं की हा आजार लागत नाही. डबा एकत्र खाल्ला तरी चालतो, हेही सांगावं. या दोन वाक्यांनी मुलाचं पुढचं वर्ष सोपं होतं.

आता तो अगदी बरा दिसतोय. खेळतो, खातो. अजून गोळ्या कशाला?

हे उत्तर पुन्हा पुन्हा वाचा. उपचार मध्येच सोडण्याचा धोका मूल आजारी दिसतं तेव्हापेक्षा ते बरं दिसतं तेव्हा जास्त असतो. पैसे संपलेले असतात, पेरणी तोंडावर आलेली असते, आजोबा म्हणतात, ‘पोरगं ठणठणीत आहे, कशाला विष पाजता?’ आणि पुढची तारीख राहून जाते.

पहिल्या महिन्यानंतर ‘आजार दिसत नाही’ असा रिपोर्ट येतो. तेव्हाही शरीरात कोट्यवधी कॅन्सरच्या पेशी शिल्लक असू शकतात, फक्त सूक्ष्मदर्शकात सापडत नाहीत. हरळी वरून खुरपली तरी मुळी जमिनीत राहते, तसंच. मेंटेनन्सच्या गोळ्या त्या मुळ्यांसाठी आहेत. 100 पैकी 95 पेक्षा कमी डोस घेतले गेले तर आजार उलटण्याचा धोका वाढतो, असं अभ्यासांत दिसलं आहे. म्हणजे महिन्याला दोन गोळ्या चुकल्या तरी फरक पडतो. प्रगत देशांत कॅन्सर झालेल्या 80 टक्क्यांहून अधिक मुलं बरी होतात. औषधं बहुतांशी तीच आहेत. आपल्याकडे मुलं गमावण्यामागे उपचार अर्धवट सुटणं हे एक मोठं कारण आहे, आणि ते टाळता येतं.

एक पद्धत फार उपयोगी पडते. कालनिर्णय घ्या, स्वयंपाकघरात लावा. मर्कॅप्टोप्युरिन रोज रात्री दिलं की त्या तारखेवर निळी खूण. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असतं, त्या वाराला महिनाभर आधीच लाल गोल करून ठेवा. ते चुकून रोज दिलं गेलं तर जिवावर बेतू शकतं, म्हणून ती पाकिटं वेगळ्या डब्यात ठेवा. गोळी अर्धी की पाऊण, हे प्रत्येक भेटीत लिहून घ्या, कारण काउंटप्रमाणे डोस बदलतो. आणि पैशांमुळे तारीख चुकणार असेल तर गप्प बसू नका. हॉस्पिटलला फोन करा. प्रवासखर्चाची सोय होते, तारीख पुढे-मागे होते. न सांगता थांबणं तेवढं नको.

मुलगी आहे. पुढे लग्नाचं कसं होणार?

हा प्रश्न लोक हळू आवाजात विचारतात, आणि कधी कधी याच धास्तीने मुलीचे उपचार मागे पडतात. देशातल्या हॉस्पिटलांत उपचाराला येणाऱ्या मुलींचं प्रमाण मुलांपेक्षा कमी आहे, याचं एक कारण आपल्या मनात बसलेलं आहे. मुलीचा जीव तिच्या लग्नापेक्षा मोठा आहे. तिला त्याच तारखांना, तेवढ्याच धडपडीने आणा.

एएलएलच्या नेहमीच्या उपचारांनंतर बहुतेक मुली मोठ्या होऊन आई होऊ शकतात. काही औषधं आणि काही भागांवरचं रेडिएशन मात्र जननक्षमतेवर परिणाम करतं, मुलग्यांच्याही. म्हणून उपचार सुरू होण्याआधीच विचारा. वयात आलेल्या मुलाचे शुक्राणू गोठवून ठेवता येतात.

आजार उलटला, किंवा डॉक्टर म्हणाले आता बरं होणार नाही, तर?

उलटला म्हणजे सगळं संपलं असं नाही. किती दिवसांनी आणि कुठे उलटला यावर पुढचा मार्ग ठरतो, काहींना बोन मॅरो प्रत्यारोपण सुचवलं जातं. बरं होण्याची शक्यता उरली नाही, तरी दुखणं, धाप, बेचैनी यावर उपचार असतात. त्याला वेदनाशामक सेवा म्हणतात, घरी राहूनही ती मिळू शकते. ती मागणं म्हणजे मुलाला सोडून देणं नव्हे. अशा वेळी कर्ज काढून एका हॉस्पिटलातून दुसऱ्या हॉस्पिटलात पळवत नेण्यापेक्षा मुलाला काय हवंय ते विचारा. बहुतेक मुलांना घर हवं असतं, भावंडं हवी असतात.

उपचार संपले. आता काय काय सांभाळायचं?

शेवटची गोळी संपते त्या दिवशी आनंदासोबत भीतीही येते, कारण इतके दिवस गोळीचा आधार होता. पहिली दोन वर्षं तपासण्या जवळ जवळ असतात, मग अंतर वाढतं. टाटा मेमोरियलमध्ये उपचार पूर्ण केलेल्या मुलांसाठी 1991 पासून ‘अ‍ॅक्ट क्लिनिक’ चालतं. तिथे हृदय, वाढ, हाडं, अभ्यासातली एकाग्रता, सगळं बघतात. काही औषधांचा हृदयावर परिणाम उशिरा दिसतो, म्हणून इको (हृदयाची सोनोग्राफी) सांगितला असेल तर मूल धडधाकट असलं तरी करा. इंडियन कॅन्सर सोसायटीच्या ‘उगम’ गटात लहानपणी कॅन्सरमधून बरे झालेले तरुण भेटतात. तुमच्या मुलाने त्यांना भेटावं.

डॉक्टरांकडून उपचाराचा सारांश लेखी घ्या: कोणती औषधं, एकूण किती डोस, रेडिएशन दिलं का, कुठे. मूळ फाईल कोरड्या जागी ठेवा, सगळ्या पानांचे फोटो दोन वेगवेगळ्या फोनमध्ये काढून ठेवा, आणि मूल मोठं झालं की ती फाईल त्याच्या हातात द्या.